घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कुठला कॉम्प्रेसर घेऊ?" हा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येत राहतो. कुणाला घरी गाडीची हवा भरायची असते, कुणाला सुतारकामाची आवड असते, कुणाला बुलेटची टाकी स्वतः रंगवायची असते. सगळ्यांना वेगळं लिहिण्यापेक्षा उत्तरं इथं एकत्र केली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला कॉम्प्रेसरची खरंच गरज आहे का?

फक्त चारचाकी-दुचाकीची हवा बघायची असेल तर नाही. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर पुरतो आणि डिकीत मावतो. फक्त चाकाचे नट सोडायचे असतील तर बॅटरीचा इम्पॅक्ट रेंच घ्या. घासाई-कापाईला विजेचं ग्राइंडर आणि सँडर हवेच्या हत्यारांपेक्षा घरी कधीही परवडतात, कारण ती हत्यारं हवा अधाशासारखी पितात (प्रश्न ४).

कॉम्प्रेसरला खरा पर्याय नाही तो फवारणीत, ब्लोगनने सफाई करण्यात, खिळे मारण्यात आणि यातली दोन-तीन कामं आठवड्यातून एकदा तरी निघत असतील तेव्हा. नाहीतर तो कोपऱ्यात धूळ खातो आणि टाकी आतून गंजते.

२. दुकानदार एचपी सांगतो, जाहिरातीत लिटर असतात, पाटीवर बार असतात. नेमकं बघायचं काय?

सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते. तेही कुठल्या दाबाला, हे विचारून. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर.

विहिरीवरचा पंप आणि घरावरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप किती पाणी ओढतो तो सीएफएम. टाकी नुसता साठा. नळाला जोर किती, तो दाब. घरात चार नळ एकदम सोडले तर टाकी मोठी असून काय उपयोग, पंपाला दम हवा. दाबाची चिंता तर सोडूनच द्या, बाजारातला जवळपास प्रत्येक छोटा कॉम्प्रेसर ८ बार देतो आणि घरातल्या बहुतेक कामांना ६ बार पुष्कळ होतात.

एचपीवरून अंदाज काढता येतो: ६-७ बारला दर एचपीमागे ३ ते ४ सीएफएम खरी हवा. २ एचपीचं मशीन १२ सीएफएम देतं असं कुणी म्हणालं तर प्रश्न ५ वाचूनच पैसे मोजा.

३. बार, पीएसआय, किलो, पाउंड यांचं गणित सांगा.

१ बार म्हणजे १४.५ पीएसआय. पंक्चरवाला "तीस पाउंड हवा" म्हणतो तेव्हा त्याला ३० पीएसआय म्हणायचं असतं. वर्कशॉपात "सहा किलो प्रेशर" म्हणतात ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ते आणि बार यांत फरक इतका थोडा की आपल्या कामाला दोन्ही एकच धरा.

४. कुठल्या हत्याराला किती हवा लागते?

ढोबळ आकडे असे आहेत. हत्याराच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर ते खरं.

- एअरब्रश: अर्धा ते पाऊण सीएफएम, १५ ते ३० पीएसआयला
- छोट्या खिळ्यांची ब्रॅड नेलर: १ सीएफएमच्याही आत
- टायरची हवा: १ ते २
- ब्लोगन: २ ते ५, भोक मोठं असेल तर आणखी
- अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच: सरासरी ४ ते ५ (हा आकडा फसवा आहे, प्रश्न १६)
- एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाबाची) स्प्रे गन: ३ ते ५
- एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) स्प्रे गन: ८ ते १४
- हवेवरचा गोल सँडर: ८ ते १२, तेही न थांबता
- सँडब्लास्टिंग: १० च्या पुढे, वरची मर्यादा नाही

तुमच्या यादीतलं सगळ्यांत खादाड हत्यार धरा, त्यात पाव हिस्सा वाढवा आणि तेवढ्या खऱ्या सीएफएमचं मशीन शोधा. तो आकडा १० च्या वर गेला तर मशीन मोठं घेण्याआधी त्या हत्याराला विजेवरचा भाऊ आहे का ते पाहा.

५. पाटीवर ८ सीएफएम लिहिलंय, पण गन धरली की मिनिटभरात हवा बसते. फसवणूक झाली का?

फसवणूक म्हणता येणार नाही, अर्धसत्य म्हणा. पाटीवर बहुतेकदा "डिस्प्लेसमेंट" छापलेलं असतं, म्हणजे पिस्टनने एका मिनिटात किती जागा झाडली ते. त्यातली सगळी हवा टाकीत पोचत नाही. थोडी सिलिंडरच्या माथ्यावरच्या फटीत दबून राहते, थोडी तापून फुगते, थोडी व्हॉल्व्हमधून परत येते. एका टप्प्याच्या छोट्या पंपात हाती लागते ती ६० ते ७० टक्के. हिला फ्री एअर डिलिव्हरी किंवा नुसतं एफएडी म्हणतात. दुकानात "एफएडी किती?" एवढे दोन शब्द विचारा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

उरलेलं निम्मं मोबाइलच्या स्टॉपवॉचने काढा. टाकी भरत असताना काटा ६ बारवरून ८ बारवर जायला किती सेकंद लागले ते मोजा. टाकी ५० लिटरची असेल तर त्या वेळात २ गुणिले ५०, म्हणजे १०० लिटर हवा आत गेली. समजा ५० सेकंद लागले, तर मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सव्वाचार सीएफएम. पाटीवर काहीही असो, हेच तुमचं मशीन. मोजताना आउटलेटचा कॉक बंद ठेवा आणि टाकीत पाणी साचलेलं नाही ना ते बघा. पाण्याने टाकी लहान होते आणि मशीन आहे त्याहून तगडं भासतं.

एचपीचंही तसंच. माझ्या पहिल्या मशिनवर ३ एचपी छापलं होतं. घरी क्लॅम्प मीटर लावला तर ऐन दाबाला ७ अँपिअर. २३० व्होल्टला एवढ्या करंटमध्ये दीड एचपीच्या वर काही निघत नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ते पीक एचपी आहे." तेव्हापासून मी स्टिकरवरचा एचपी वाचत नाही, मोटारीच्या प्लेटवरचे अँपिअर वाचतो. खऱ्या २ एचपीच्या सिंगल फेज मोटारीवर ९ ते १० अँपिअरच्या आसपास आकडा असतो.

६. टाकी किती लिटरची घ्यावी?

काम झटक्याझटक्याचं असेल (खिळे, नट, टायर) तर टाकी मदत करते. काम सलग असेल (रंग, सँडर) तर टाकी फक्त रडणं लांबवते.

हिशेब बघा. ५० लिटरची टाकी, ८ बारला मशीन बंद, ६ बारला चालू. या दोन काट्यांमधला साठा १०० लिटर. तुमची गन १० सीएफएम खाते आणि पंप ५ देतो, म्हणजे मिनिटाला ५ सीएफएम किंवा १४० लिटरची तूट. साठा संपायला चाळीसएक सेकंद. टाकी १०० लिटरची केली तर जेमतेम दीड मिनिट. एवढ्यात गाडीचा एक दरवाजाही होत नाही.

माझं मत विचाराल तर हलवाहलवीच्या कामाला २४ लिटर, एका जागी ठेवायला ५० आणि रंगकामाला १०० च्या पुढे. मोठी टाकी घेऊन छोटा पंप लावलेली मशिनं दिसायला भारदस्त असतात, त्यांच्या नादी लागू नका. रिकामी टाकी भरायला लागणारा वेळही धरा: १०० लिटरला ८ बारपर्यंत ८०० लिटर हवा लागते. सव्वाचार सीएफएमचा पंप त्यात पावणेसात मिनिटं घालवतो.

७. ऑइल-फ्री घेऊ की तेलाचा?

रोज तासन् तास चालणार नसेल, आणि तेलाची पातळी बघायचा तुम्हाला कंटाळा असेल, तर ऑइल-फ्री. हलका असतो, आडवा करून गाडीत टाकला तरी तेल सांडत नाही आणि हवेत तेलाचा अंश येत नाही. त्याची पिस्टन रिंग टेफ्लॉनच्या जातीची असते, ती झिजते; झिजली की काही मशिनांत बदलता येते, काहींत पंपच बदलावा लागतो. घेतानाच सुटे भाग मिळतात का ते विचारा.

तेलाचा जास्त टिकतो, गरमी सोसतो, कमी किंचाळतो. पण तेल वेळेवर बदलणारा मालक हवा (प्रश्न २२).

८. डायरेक्ट ड्राइव्ह आणि बेल्टचा यांत काय फरक?

डायरेक्टमध्ये मोटार आणि पंप एकाच दांड्यावर. आपल्याकडच्या ५० हर्ट्झला दोन पोलची मोटार मिनिटाला २८०० च्या वर फेरे घेते, पंपही तितकेच. त्यामुळे आवाज जास्त, उष्णता जास्त, आयुष्य कमी, किंमतही कमी. बेल्टच्या मशिनात मोटारीची पुली लहान आणि पंपाचं चाक मोठं, म्हणून पंप हजाराच्या आसपास किंवा त्याखाली रमतगमत फिरतो. चाकाची पातीच पंपाला वारा घालतात. पंक्चरच्या दुकानातला वीस वर्षं न थकलेला लाल-निळा कॉम्प्रेसर आठवा, तो बेल्टचा असतो.

जागा असेल आणि मशीन हलवायचं नसेल तर बेल्टचा घ्या. बेल्टवर जाळी हवीच, घरात मुलं असतील तर तिच्याशिवाय स्विचला हात लावू नका.

९. आम्ही सोसायटीत राहतो. खालच्या पार्किंगमध्ये चालवला तर तक्रार येईल का?

साध्या डायरेक्ट मशिनाने येईल. हमखास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. छोटा डायरेक्ट कॉम्प्रेसर जवळून ८० च्या पुढे जातो.

"सायलेंट" म्हणून मिळतात त्या ऑइल-फ्री मशिनांत पंप संथ फिरतो आणि दोन पिस्टन समोरासमोर असतात. ती ६० ते ७० च्या घरात असतात. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे फरक मोठा आहे. मात्र कंपनीने आवाज किती अंतरावरून मोजला ते विचारा, सात मीटरवरून कुठलंही मशीन सालस वाटतं. खाली जाड रबर घाला, भिंतीला चिकटवू नका, आणि दुपारी १ ते ४ चा वेळ सोडा. पुण्यातल्या वाचकांना याचं कारण सांगायला नको.

१०. घरच्या वायरिंगवर २ एचपी चालेल का?

१६ अँपिअरच्या प्लगवर, स्वतंत्र वायरने, हो. ६ अँपिअरच्या टीव्हीच्या सॉकेटवर नाही. चालताना ९-१० अँपिअर असले तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट करंट जातो. त्यामुळे जुना एमसीबी उडतो आणि लोक एमसीबी वाढवून मोकळे होतात. तसं करू नका, वायर तीच राहिली तर आग वायरीत लागते. बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सुरुवातीचा झटका सोसणारा योग्य जातीचा एमसीबी आणि खरं अर्थिंग, एवढं परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

एक्स्टेन्शनचा मोह टाळा. २५ मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरच्या बोर्डवर सुरू होतानाच्या ५० अँपिअरला ३० व्होल्ट वाटेतच गळतात. मशीन प्लगजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांबवा.

दर तासाला सुमारे २ युनिट पडतात. घरून धंदा करणार असाल तर घरगुती जोडणीवर चालेल का हे आधी महावितरणच्या कार्यालयात विचारा.

११. गावाकडे संध्याकाळी १९० व्होल्ट येतात. मोटार नुसती गुणगुणते. काय करू?

लगेच बंद करा. गुणगुणणारी मोटार म्हणजे जळायला निघालेली मोटार. व्होल्टेज १९० वर आलं की मोटारीचा जोर दोन तृतीयांशावर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. सकाळी किंवा दुपारी चालवा, टाकी रिकामी करून सुरू करा, आणि नवं घेणार असाल तर १ एचपीवर समाधान माना. व्होल्टेज नीट असूनही गुणगुण असेल तर प्रश्न २१.

१२. आमच्याकडे थ्री फेज आहे. थ्री फेजचं मशीन घेऊ का?

३ एचपी आणि पुढे असेल तर जरूर. सुरुवात हलकी, कपॅसिटरची कटकट नाही. दोन गोष्टी पाहा. एक, फेज गेला तर तोडणारा प्रोटेक्टर. दोन, फिरण्याची दिशा: पहिल्यांदा जोडल्यावर चाक बाणाच्या दिशेने फिरायला हवं आणि वारा पंपाकडे यायला हवा. उलटं फिरलं तरी काही पंप हवा भरतात, पण थंड होत नाहीत आणि महिन्याभरात बसतात. उलट असेल तर वायरमनकडून कुठलेही दोन फेज अदलाबदल करून घ्या.

१३. इन्व्हर्टरवर चालेल का?

घरच्या पंख्या-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर नाही. जनरेटरवर चालतो, पण सुरुवातीच्या झटक्यासाठी जनरेटर मोटारीच्या तिप्पट ताकदीचा धरा.

१४. गनमधून हवेबरोबर पाणी येतं. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे, हवा आपल्या मुलखाची आहे. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलैमध्ये ३० अंशाला ८० टक्के दमटपणा धरा. एका घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी असतं. ती हवा ८ बारला दाबली की नवव्या हिश्श्यात बसते आणि थंड झाल्यावर जेमतेम साडेतीन ग्रॅम पाणी धरू शकते. बाकी वीसेक ग्रॅम टाकीत टपकतं. प्रश्न ५ मधलं सव्वाचार सीएफएमचं मशीन तासभर सलग चाललं तर जवळजवळ दीडशे ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी. सोलापुरात एप्रिलमध्ये हेच मशीन कोरडं ठक्क वाटेल.

रोजचा उपाय फुकट आहे: काम संपलं की थोडा दाब असतानाच टाकीच्या तळाचा कॉक उघडा, तांबूस पाणी येईल, ते संपेपर्यंत सोडा आणि रात्री कॉक उघडाच ठेवा. हा कॉक टाकीच्या पोटाखाली असल्याने लोक तिथे वाकायचा आळस करतात. मशीन दोन विटांवर उचलून ठेवा, हात जाईल.

फिल्टर लावायचाय तर मशीनला चिकटवून नको. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जातं आणि पुढे पाइपमध्ये थंड होऊन थेंब धरतं. निदान पाच-सहा मीटर पाइप मधे जाऊ द्या, मग फिल्टर.

१५. घरी रंगकाम करायचंय. काय घेऊ?

काय रंगवायचं त्यावर आहे.

गणपतीची मूर्ती, मातीची भांडी, खेळण्यातल्या गाड्या: एअरब्रश आणि तीन लिटरची टाकी असलेला छोटा ऑइल-फ्री पुरतो. टाकी नसलेले पंप मिळतात त्यांत हवा हिसके देते आणि मूर्तीच्या गालावरची छटा ठिपकेदार होते. पेणच्या कारखान्यांत शरीराचा रंग आणि पीतांबर गनने मारतात, डोळ्यांची आखणी हातानेच होते. घरीही तोच शिरस्ता ठेवा.

दुचाकीची टाकी, बंपर, लोखंडी गेट: २ एचपी, ५० लिटर आणि एलव्हीएलपी गन. ही गन कमी हवेत काम करते, फक्त हात सावकाश फिरवावा लागतो.

पूर्ण गाडी: ३ एचपी बेल्टचा, १०० लिटरच्या वर, एचव्हीएलपी गन. खरं सांगायचं तर लांबी भरणं, घासणं आणि प्राइमर घरी करा, शेवटचा हात बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. हवेपेक्षा धूळ जास्त नडते.

तेलाचं मशीन असेल तर तेल पकडणारा फिल्टर हवाच. तेलाचा बारीक थेंब पडला की तिथे रंग बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पडतो. वंगणाचं तेल सोडणारी वाटी असलेल्या एफआरएलवरून (फिल्टर, दाब-नियंत्रक आणि तेलवाटी यांचा संच) एकदाही गेलेला पाइप रंगाला वापरू नका, रंगाचा पाइप वेगळा. आणि मशीन रंगाच्या खोलीबाहेर: दाब बघून मोटार चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये प्रत्येक वेळी ठिणगी पडते, आणि थिनरच्या वाफेला तेवढी पुरते.

१६. इम्पॅक्ट रेंचला ५ सीएफएम लागतात, माझं मशीन साडेपाच देतं. तरी नट सुटत नाही. का?

कारण तो ५ चा आकडा मिनिटात साधारण पंधरा सेकंदच ट्रिगर दाबला असं धरून काढलेला आहे. दाबलेलं असताना रेंच २० च्या जवळ हवा खातो. तेव्हा पंप नाही, टाकीच कामाला येते: ५० लिटरचा १०० लिटर साठा दहाएक सेकंदांत संपतो. दोन-तीन सेकंदांत सुटणारे एका चाकाचे चार नट त्यात होतात. मग थांबायचं, भरू द्यायचं, दुसरं चाक.

तरीही सुटत नसेल तर दोष बहुधा पाइपचा (पुढचा प्रश्न) किंवा गंजाचा. आणि नट बसवताना शेवटचा आवळ टॉर्क रेंचने हाताने द्या.

१७. पाइप कुठला आणि किती जाडीचा?

लोक हजारो रुपयांचं मशीन घेतात आणि पाइपात कंजुषी करतात. "८ मिलिमीटरचा पीयू पाइप" म्हणजे बाहेरून ८, आतलं भोक ५ ते साडेपाच. असा दहा मीटर पाइप १० सीएफएमला दोन-तीन बार दाब वाटेत गिळतो. आतून ८ मिलिमीटर असलेला तेवढाच पाइप बारचा एक तृतीयांशच खातो. म्हणून विकत घेताना आतला व्यास विचारा: नेलर आणि टायरला ५ चालेल, इम्पॅक्ट आणि रंगाला ८ ते १०. क्विक कपलरचं भोकही बघा, जाड पाइपला बारीक कपलर म्हणजे हमरस्त्यावर बोळ.

१८. भिंतीवरून पीव्हीसी पाइप फिरवला तर? पाण्याच्या दाबाला तर टिकतो.

नको. पाणी दबत नाही, त्यामुळे पाइप फुटला तर फवारा उडून संपतं. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. ऊन आणि तेलाने ठिसूळ झालेला पीव्हीसी फुटला की तुकडे काचेसारखे उडतात. जीआय किंवा हवेसाठीच बनवलेला ॲल्युमिनियमचा पाइप लावा. पाइपला मशीनकडून थोडा उतार द्या, खाली येणारी शाखा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने वळवून काढा, म्हणजे पाणी तिच्यात उतरत नाही. टोकाला एक कॉक.

१९. जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जुनं मशीन चांगलंही मिळतं, पण पंप बघू नका, टाकी बघा. पंप दुरुस्त होतो. तळाचा कॉक उघडून येणारं पाणी पाहा. तांबूस पाणी सगळ्यांकडे येतं, गंजाचे पापुद्रे आले तर उठा. तळाला ताजी वेल्डिंग, ताजा रंग किंवा एमसील दिसलं तर बोलणीच नकोत. टाकीवर कमाल दाब आणि वर्ष कोरलेली पाटी हवी.

शंका उरली तर टाकी पाण्याने काठोकाठ भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाची चाचणी वर्कशॉपमधून करून घ्या. हवेने चाचणी कुणी करत असेल तर त्याच्या जवळ उभे राहू नका. टाकीला बारीक भोक पडलं तर डाग लावायचा नाही. एक भोक पडलं तिथे आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असतो.

२०. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून घरी बनवता येतो. गॅसची टाकी जोडली की झालं, असं व्हिडिओत दाखवतात.

फ्रिजचा पंप शांत असतो हे खरं. पण त्याची हवा सीएफएमभर असते, आणि थंडाव्याच्या बंद चक्रात जे तेल फिरून परत येतं ते इथे हवेबरोबर बाहेर जातं. आठवड्यातून एकदा एअरब्रशसाठी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच लावून, जाणकाराने केला तर समजू शकतो.

स्वयंपाकाचा सिलिंडर मात्र नाही. एक तर तो तुमचा नसतो, अनामत भरून वापरायला मिळालेला असतो, मालकी गॅस कंपनीची. दुसरं, त्याला तळाशी पाणी काढायची सोय नाही, त्यामुळे तो आतून गंजतो आणि ते दिसत नाही. तिसरं, उरलेला गॅस असताना त्यावर वेल्डिंग करणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला नको.

२१. मशीन बंद होताना "फुस्स" होतं. काही बिघडलंय का? आणि कधीकधी परत सुरूच होत नाही.

फुस्स व्हायलाच हवं. पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली दाबलेली हवा प्रेशर स्विच सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटार हलकी सुरू होते. फुस्स झालं नाही तर पिस्टन दाबाविरुद्ध सुरू करायचा प्रयत्न होतो आणि मोटार गुणगुणते. फुस्स थांबलंच नाही, बारीक शीळ चालू राहिली, तर टाकीच्या तोंडावरचा, हवा उलट येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकी पूर्ण रिकामी करून तो उघडा, बहुधा रबराखाली कचरा असतो.

दोन्ही ठीक असतील तर कपॅसिटर. विदर्भातल्या मे महिन्यात आणखी एक कारण असतं: ४५ अंशाला पत्र्याच्या शेडमध्ये मोटार तापून ओव्हरलोड उडतो. अर्धा तास थांबा, मग लाल बटण दाबा. छोटी मशिनं मुळात दहा मिनिटांत पाच-सहा मिनिटंच चालायला बनवलेली असतात.

२२. तेल कुठलं घालू? गाडीचं इंजिन ऑइल शिल्लक आहे.

गाडीचं नको. त्यातली साफ करणारी रसायनं पाण्याशी मिसळून तेलाचं ताक करतात आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते. कॉम्प्रेसरचं तेल मागा, बहुतेक छोट्या मशिनांना आयएसओ व्हीजी १०० लागतं, पुस्तिकेत खात्री करा. पहिलं तेल पन्नासेक तासांत बदला, नव्या रिंगांचा चुरा त्यात असतो. पुढे तास मोजायला जमत नसेल तर खंडेनवमीला बदला, पूजेसाठी मशीन पुसलं जातंच. झेंडूची माळ मात्र फिल्टरवर आणि चाकाजवळ नको. पाकळ्या आत ओढल्या जातात.

२३. आधीच १ एचपीचा आहे. दुसरा तसलाच घेऊन जोडले तर?

चालतं, आणि कित्येकदा मोठं घेण्यापेक्षा शहाणपणाचं. दोन्हींची हवा एका T आकाराच्या जोडणीत आणा. प्रत्येकात स्वतःचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतोच. दोन्ही वेगवेगळ्या सर्किटवर लावा आणि एकाचा चालू होण्याचा दाब किंचित कमी ठेवा, म्हणजे झटका एकदम बसत नाही. सीएफएमची बेरीज होते, दाबाची नाही: ८ आणि ८ मिळून ८ बारच.

२४. काम झाल्यावर अंगावरचा भुसा ब्लोगनने उडवला तर चालेल ना?

नाही. कातडीवरच्या साध्या खरचटीतूनही दाबलेली हवा आत जाऊ शकते, डोळा आणि कान तर फार नाजूक. कारखान्यात मस्करीत कुणाच्या अंगाशी पाइप धरल्याने माणसं दगावली आहेत, आतडी फाटतात. भुशाला झाडणी किंवा व्हॅक्यूम.

संगणक किंवा एसीची जाळी साफ करताना दाब ३० पीएसआयच्या खाली आणा आणि पंखा बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरला की बेअरिंग जातं.

२५. याच मशिनाने बोअरचं पाणी काढता येईल का? आणि पाण्यात बुडी मारायला हवा?

बोअरला नाही. तिथे पाइप पाण्यात जितका खोल, तितका दाब: दर दहा मीटरला १ बार, आणि हवा तासन् तास न थांबता लागते. प्रश्न २१ मधली दहा मिनिटांची अट आठवा.

श्वासासाठी तर मुळीच नाही, ऑइल-फ्री असला तरी. साधा कॉम्प्रेसर आजूबाजूला जे असेल ते ओढतो, त्यात गाडीचा धूरही आला. तारकर्लीला स्कूबाच्या टाक्या भरतात ती मशिनं वेगळी असतात, त्यांना श्वासाच्या हवेचे फिल्टर असतात आणि दाब २०० बारच्या घरात.